रिपोर्ट कोणाच्या नजरेने चालतो?

पंप विकणारी एक कंपनी समजा. नाशिक, सोलापूर आणि नागपूर या तीन शाखा, प्रत्येक शाखेला एक मॅनेजर आणि त्याच्या हाताखाली फिरतीवरचे सेल्समन. सोमवारच्या मीटिंगमध्ये ‘या तिमाहीत क्लोज होणाऱ्या ऑर्डरी’ हा एकच रिपोर्ट सगळे जण आपापल्या लॅपटॉपवर उघडतात. नाशिकच्या मॅनेजरला बेरीज दिसते 42 लाख, सेल्स हेडला 1 कोटी 30 लाख आणि गेल्याच महिन्यात लागलेल्या मुलाला साडेतीन लाख. मग ठरलेला संवाद होतो. “सॉफ्टवेअर गंडलंय.” “नाही हो, माझं बरोबर दाखवतंय.” अर्धा तास यातच जातो आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, राहू द्या, मी एक्सेल पाठवतो.

सॉफ्टवेअर मुळीच गंडलेले नसते. खरा घोळ सुरू होतो तो त्या एक्सेलपासून.

सीआरएममधला, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, रिपोर्ट म्हणजे छापून ठेवलेला कागद, अशी आपली समजूत असते, कारण वर्षानुवर्षे रिपोर्ट कागदावरच पाहिलेला असतो. प्रत्यक्षात तो फक्त जपून ठेवलेला प्रश्न असतो. कुठल्या नोंदी घ्यायच्या, कुठले रकाने दाखवायचे, कशावर गट पाडायचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. उत्तर त्यात नसते. ते दर वेळी नव्याने काढले जाते आणि काढताना सॉफ्टवेअर आधी विचारते, विचारणारा कोण? सेल्समनला फक्त स्वतःच्या ऑर्डरी पाहायची मुभा असेल, तर त्याच्या नावाने चाललेल्या रिपोर्टात तेवढ्याच येणार. म्हणून एका रिपोर्टला दोन कुलपे असतात. रिपोर्ट उघडता येतो का, हे एक. आतल्या नोंदी दिसतात का, हे दुसरे. चाळीच्या दिंडीदरवाजाची किल्ली मिळाली म्हणून प्रत्येक खोली उघडत नाही, तसेच हे. बहुतेक कंपन्या पहिल्या कुलपावर भरपूर वेळ घालवतात आणि दुसरे लावलेले आहे असे गृहीत धरतात.

दुसरे कुलूप कसे चालते ते सेल्सफोर्समध्ये नीट दिसते. मार्क बेनिऑफ आणि त्याच्या तीन साथीदारांनी 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली ही कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात खाली संपूर्ण कंपनीसाठी एक मूळ नियम ठरवतात: दुसऱ्याची नोंद अजिबात दिसायची नाही, नुसती वाचता यावी, की वाचून बदलताही यावी. त्यावर हुद्द्यांची उतरंड येते. वरच्याला खालच्याचे दिसते, खालच्याला वरच्याचे नाही. त्याहून वर अपवाद: सोलापूरच्या सर्व्हिस टीमला नाशिकच्या ऑर्डरी वाचू द्या, वगैरे. यातली मेख अशी की वरचे थर सहसा परवानगी वाढवतात, कमी करत नाहीत. मूळ नियम सैल ठेवला, तर वर कितीही उतरंडी रचा, मुलाला सगळ्यांचे सगळे दिसणारच. आणि नेमका हा मूळ नियम ठरवला जातो पहिल्या आठवड्यात, जेव्हा सगळे घाईत असतात आणि सॉफ्टवेअर बसवणारा विचारतो, “सध्या ओपन ठेवू का?”

मायक्रोसॉफ्टचे पहिले सीआरएम 2003 साली आले. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत हेच चित्राने दाखवले होते. परवानग्यांच्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर एक छोटे वर्तुळ. रिकामे म्हणजे काहीच नाही, पाव भरलेले म्हणजे फक्त स्वतःच्या नोंदी, अर्धे म्हणजे आपल्या विभागाच्या, पाऊण म्हणजे आपला विभाग आणि त्याखालचे सगळे, पूर्ण भरलेले म्हणजे अख्खी कंपनी. वर्तुळावर टिचकी मारली की ते थोडे आणखी भरते. टिचकी मारणे इतके सोपे असल्यामुळे अनेक कंपन्यांत तो तक्ता पौर्णिमेच्या चंद्रांनी भरलेला असतो. हुद्द्यावरून परवानगी देण्याची ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या दोघांनी, 1992 साली. त्यामागचे तत्त्व, म्हणजे प्रत्येकाला कामापुरतेच द्यावे, हे जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले होते. तत्त्व जुने आहे. अडचण टिचकीची आहे.

आता रिपोर्ट तयार करण्याकडे वळू, कारण चुकीचा रिपोर्ट सुरक्षित ठेवण्यात काही शहाणपण नाही.

पहिलाच प्रश्न असतो रिपोर्टच्या प्रकाराचा, आणि तो बहुतेक जण न वाचता ओलांडतात. ‘ग्राहक आणि त्यांच्या तक्रारी’ असा प्रकार निवडला, तर ज्या ग्राहकाची एकही तक्रार नाही तो यादीतून गायब होतो. मग मॅनेजर म्हणतो, आपले 800 ग्राहक आहेत, यात 310च कसे? बाकीचे समाधानी आहेत म्हणून दिसत नाहीत! त्यासाठी ‘तक्रार असो वा नसो’ असा प्रकार वापरावा लागतो. याउलट ज्यांनी गेल्या वर्षभरात एकही ऑर्डर दिली नाही असे ग्राहक हवे असतील, तर ‘अमुक नसलेले’ असा वेगळा फिल्टर लावावा लागतो. माझ्या मते सीआरएममधला सगळ्यात कामाचा रिपोर्ट हाच, आणि सगळ्यात कमी बनवला जाणाराही हाच. जे घडले त्याची यादी सगळे मागतात. जे घडले नाही त्याची यादी मागायला आधी सुचावे लागते.

तारखांचेही असेच. ‘या महिन्यातल्या ऑर्डरी’ म्हणजे या महिन्यात नोंदवलेल्या, की या महिन्यात क्लोज होणाऱ्या? दोन्ही तारखा नोंदीत असतात आणि दोन्ही रिपोर्ट दिसायला तितकेच खरे वाटतात. त्यात आपल्याकडची एक खास भर म्हणजे आर्थिक वर्ष. सेल्सफोर्स वर्ष जानेवारीपासून धरते. एप्रिल हा महिना सेटिंगमध्ये जाऊन सांगावा लागतो. तो सांगायचा राहिला, तर ‘चालू आर्थिक वर्ष’ असा फिल्टर लावलेला प्रत्येक रिपोर्ट एक तिमाही घसरलेला असतो आणि टार्गेटची सगळी भांडणे तिथून सुरू होतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सेल्सफोर्स पडद्यावर रिपोर्टच्या पहिल्या 2,000 ओळीच दाखवते. खालची बेरीज मात्र सगळ्या ओळींची असते. ओळी मोजून ताळा करायला बसलेला अकाउंटंट म्हणूनच हैराण होतो. मग तो सगळ्या ओळी पाहायच्या म्हणून एक्सपोर्ट करतो. एक्सेल पुन्हा आलेच.

पहिल्या कुलपाबद्दल, म्हणजे फोल्डरबद्दल, फार सांगण्यासारखे नाही. रिपोर्ट फोल्डरमध्ये ठेवतात, फोल्डर कोणाला नुसता पाहू द्यायचा, कोणाला बदलू द्यायचा, कोणी दुसऱ्यांना वाटू द्यायचा, हे ठरवतात. चेन्नईच्या झोहोच्या 2005 पासूनच्या सीआरएममध्येही थोड्याफार फरकाने हेच आहे. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या फोल्डरात ‘टेस्ट 2’, ‘नवीन रिपोर्ट कॉपी’, ‘फायनल फायनल’ असे शंभर रिपोर्ट साचतात, तेव्हा खरा धोका गळतीचा नसतो, गोंधळाचा असतो. लोक चुकीचा रिपोर्ट उघडून त्यावर निर्णय घेतात.

गळतीचा धोका आहे डॅशबोर्डात, म्हणजे रिपोर्टांचे आकडे चित्रांत आणि तक्त्यांत एकत्र मांडणाऱ्या पानात. रिपोर्ट उघडणाऱ्याच्या नजरेने चालतो, हे आपण पाहिले. सेल्सफोर्सचा डॅशबोर्ड मात्र कोणाच्या नजरेने चालायचा हे बनवणारा ठरवतो. पर्याय असे: माझ्या नजरेने, अमुक एका माणसाच्या नजरेने, किंवा जो पाहील त्याच्या नजरेने. सेल्स हेडने स्वतःच्या नजरेने डॅशबोर्ड बनवून सगळ्या शाखांना वाटला, की साडेतीन लाखवाल्या मुलालाही 1 कोटी 30 लाखांचा आकडा दिसतो, शाखानिहाय फोड दिसते, आणि ‘टॉप 10 ऑर्डरी’ असा तक्ता असेल तर नागपूरच्या ग्राहकांची नावेही दिसतात. तक्त्यावर टिचकी मारून मूळ रिपोर्टात जायला गेले, की तिथे मात्र पुन्हा त्याच्या स्वतःच्याच ऑर्डरी उरतात. म्हणून अ‍ॅडमिनला वाटते, कुलूप चोख आहे. पण चित्रातून जायचे ते आधीच गेलेले असते.

मग ‘जो पाहील त्याच्या नजरेने’ हा पर्याय सगळीकडे का वापरत नाहीत? कारण तो मोजून मिळतो. एंटरप्राइझ आवृत्तीत असे डॅशबोर्ड 5, अनलिमिटेडमध्ये 10. शिवाय ते ठरावीक वेळी आपोआप ताजे होत नाहीत. त्यामुळे दहा-बारा टीम असलेल्या कंपनीत कुठे ना कुठे एका माणसाची नजर उसनी घ्यावीच लागते. ते गैर नाही. सगळ्यांना एकच आकडा दिसावा, म्हणजे मीटिंग तरी पुढे सरकेल, अशी गरज असतेच. फक्त ती नजर कोणाची, हे विचार करून ठरवावे आणि डॅशबोर्डावर बेरजा ठेवाव्यात, नावे ठेवू नयेत.

दर सोमवारी सकाळी आपोआप ई-मेलने जाणारा रिपोर्ट हाही त्याच जातीचा. तो एका ठरवलेल्या माणसाच्या नावाने चालतो आणि ज्यांना जातो त्या सगळ्यांना त्या माणसाला दिसणाऱ्या ओळी जातात. ई-मेल एकदा गेला की कुठलेही कुलूप त्याच्या मागे धावू शकत नाही.

रकान्यांचेही वेगळे कुलूप असते. डीलरला दिलेली सूट किंवा खरेदीची मूळ किंमत हे रकाने सेल्समनपासून लपवता येतात आणि मग ते त्याच्या रिपोर्टात उमटत नाहीत. पण सूत्राचा रकाना असेल तर? सेल्सफोर्समध्ये ‘मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा मूळ किंमत’ असे सूत्र लिहून मार्जिन खुले ठेवले आणि मूळ किंमत लपवली, तरी मार्जिनचा आकडा बरोबर दिसतो, कारण सूत्र पाहणाऱ्याच्या परवानगीकडे बघत नाही. विक्री किंमत मुलाला ठाऊक असते. वजाबाकी त्याला येते. हाच खेळ गटांच्या बेरजांतही होतो. शाखानिहाय सरासरी इन्सेन्टिव्ह दाखवायला हरकत काय, असे वाटते, पण ज्या शाखेत एकच सेल्समन आहे तिथली सरासरी म्हणजे त्याचाच आकडा. एकाहून अधिक असले, तरी एक जण सोडून गेल्याच्या आधीची आणि नंतरची बेरीज शेजारी ठेवली की गेलेल्याचा हिशेब हाती येतो. यासाठी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. रिपोर्ट बनवणाऱ्यालाच हे सुचावे लागते.

मायक्रोसॉफ्टच्या सीआरएममध्ये कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्त्यांत एक सापळा होता. रिपोर्ट लिहिणारा थेट डेटाबेसमधल्या तक्त्यांना प्रश्न विचारू शकत असे. म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येक तक्त्यासाठी एक गाळलेले रूप दिले होते, ज्याच्या नावाची सुरुवातच ‘फिल्टर्ड’ने होई. त्यातून विचारले की सगळ्या परवानग्या पाळल्या जात. पण हे रूप संथ चाले. मूळ तक्त्यातून तोच रिपोर्ट पटकन येई, आणि मूळ तक्त्याला ती वर्तुळे ठाऊकच नसत. “रिपोर्ट स्लो आहे” अशी तक्रार आली, डेव्हलपरने नावातला ‘फिल्टर्ड’ काढून टाकला, रिपोर्ट धावू लागला, सगळे खूश. आकडेही बरोबरच होते, फक्त सगळ्यांना सगळे दिसत होते. पुढे क्लाउडवरच्या आवृत्तीत मूळ तक्त्यांपर्यंत जाणारी वाटच बंद झाली.

आज त्या वाटेची जागा पॉवर बीआयसारख्या, बाहेरून डेटा उचलून रिपोर्ट बनवणाऱ्या साधनांनी घेतली आहे. सीआरएममधला डेटा रोज रात्री एका खात्याच्या नावाने उचलून पॉवर बीआयमध्ये आणला, तर त्याच्यासोबत परवानग्या येत नाहीत. तिथे ओळीनिहाय नियम पुन्हा लिहावे लागतात, आणि तेही फक्त ‘पाहणारा’ या भूमिकेतल्या माणसांना लागू होतात. रिपोर्ट ठेवलेल्या तिथल्या जागेत ज्याला बदल करण्याचा हक्क दिला त्याला सगळे खुले. सीआरएममध्ये दोन महिने घालून बसवलेली उतरंड एका रात्रीच्या कॉपीत सपाट होते. मी एवढेच म्हणेन की ज्या दिवशी बाहेरचे साधन जोडले जाते, त्या दिवशी सीआरएमच्या अ‍ॅडमिनला त्या मीटिंगला बोलवा. सहसा बोलवत नाहीत.

आणि एक्सेल. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ती सीआरएमची नसून कर्मचाऱ्यांच्या नोंदींची आहे, पण रिपोर्ट घराबाहेर पडतो म्हणजे काय होते ते इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराखाली एकाने विचारले होते की प्रत्येक हुद्द्यावर किती माणसे आहेत. उत्तर म्हणजे एक साधा तक्ता. तो करण्यासाठी कर्मचाऱ्यांची पूर्ण यादी सिस्टीममधून एक्सेलमध्ये उतरवली, त्यावरून बेरजा काढल्या, कामाची पाने पुसली आणि फाइल पाठवली. मूळ यादीचे पान पुसायचे राहिले आणि पाहणाऱ्यांच्या ते नजरेस आले नाही. 9,483 जणांची आडनावे, नावांची आद्याक्षरे, हुद्दा, विभाग आणि कामाची जागा काही तास इंटरनेटवर होती, अशा प्रदेशात जिथे आपण पोलिसात आहोत हे कित्येक जण शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला. मागणारा प्रामाणिक होता, उत्तर देणारेही प्रामाणिक होते. बेरीज मागितली होती, सोबत नोंदी गेल्या.

म्हणून एक्सपोर्टची परवानगी वेगळी ठेवायची असते. सेल्सफोर्समध्ये रिपोर्ट चालवणे आणि तो उतरवून घेणे हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि दुसरा हक्क किती जणांकडे आहे याची यादी काढणे दहा मिनिटांचे काम आहे. बहुतेक ठिकाणी ती यादी पाहून अ‍ॅडमिनला घाम फुटतो. ज्याला रोज पडद्यावर आकडा पाहायचा आहे त्याला एक्सपोर्ट लागत नाही. ज्याला लागतो त्याच्यासाठी सेल्सफोर्समध्ये फॉरमॅट केलेला रिपोर्ट आणि नुसता डेटा असे दोन पर्याय आहेत, आणि वरिष्ठांना दाखवण्यापुरते पहिल्यावर भागते.

बाहेरचा चोरही शेवटी कोणाची तरी नजरच चोरतो. 2025 मध्ये एका टोळीने कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांना फोन केले. “आयटी सपोर्टमधून बोलतोय, एक सेटिंग करायचंय, या पानावर जाऊन हा आठ अंकी कोड टाका.” कोड टाकला की सेल्सफोर्समधून मोठ्या प्रमाणावर डेटा उतरवणाऱ्या साधनाची बनावट आवृत्ती त्या माणसाच्या नावाने जोडली जाई. गूगलच्या सुरक्षा पथकाने जूनमध्ये याबद्दल सावध केले, आणि ऑगस्टमध्ये सांगितले की छोट्या-मध्यम व्यावसायिकांचे संपर्क असलेली गूगलची स्वतःची एक सेल्सफोर्स नोंदवहीही यात सापडली होती. कुलूप फोडले गेले नाही, किल्लीवाल्याने स्वतःच उघडून दिले. अशा वेळी नुकसान किती, हे ठरते फसलेल्या माणसाला काय काय दिसत होते यावरून. त्याचे वर्तुळ पाव भरलेले असेल तर पाव, पूर्ण असेल तर सगळे.

सेवा पुरवणाऱ्याच्या हातूनही चूक होते. 17 मे 2019 रोजी सेल्सफोर्सने स्वतःच चालवलेल्या एका स्क्रिप्टमुळे, पारडॉट हे मार्केटिंगचे साधन वापरणाऱ्या किंवा पूर्वी वापरलेल्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना हव्या त्यापेक्षा जास्त परवानग्या मिळाल्या. कंपनीने सरळ सेवाच बंद केली. पुढे परवानग्या पूर्ववत करताना ज्या अ‍ॅडमिनकडे आपल्या सेटिंगची जुनी प्रत होती त्यांचे काम सोपे झाले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी प्रत्येक हुद्द्याच्या परवानग्या आठवून आठवून भरल्या असतील, अशी माझी कल्पना.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांच्या माहितीसाठी वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पंप कंपनीच्या सीआरएममध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर असतातच.

तपासणी कशी करायची? अ‍ॅडमिनच्या खात्यातून कधीच नाही. अ‍ॅडमिनला सगळे दिसते, त्यामुळे त्याच्या पडद्यावर प्रत्येक कुलूप उघडेच भासते आणि प्रत्येक रिपोर्ट बरोबरच येतो. सेल्सफोर्समध्ये अ‍ॅडमिनला दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरून पाहण्याची सोय चालू करता येते. ती चालू करून सगळ्यात खालच्या मुलाच्या खात्यात जा, तीन रिपोर्ट आणि एक डॅशबोर्ड उघडा, आणि त्याच्या ऑर्डरी वहीवर मोजून घेऊन ताळा करा. एक ओळ जास्त निघाली, तर ती कुठल्या थरातून आली ते शोधा: मूळ नियम, उतरंड, अपवाद की कोणाची तरी उसनी नजर. तीन शाखांच्या कंपनीत हे एका दुपारचे काम आहे.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते. त्याचे खाते बंद करतात, ते योग्यच. पण ज्या डॅशबोर्डाला त्याची नजर लावलेली होती तो ताजा होणे थांबतो आणि ‘या डॅशबोर्डाचा वापरकर्ता सक्रिय नाही’ अशा अर्थाची पट्टी येते. सोमवार असतो, मीटिंग दहा वाजता असते, फोन खणखणतात. अ‍ॅडमिन घाईघाईत त्या जागी स्वतःचे नाव टाकतो, आकडे परत येतात, सगळे धन्यवाद देतात. त्या क्षणापासून सोलापूरच्या शाखेसाठी बनवलेला डॅशबोर्ड कंपनीत ज्याला सगळ्यात जास्त दिसते त्या माणसाच्या नजरेने चालू असतो, आणि बदल तात्पुरता आहे हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून खाते बंद करण्याच्या यादीत ‘लॅपटॉप जमा, आयडी कार्ड जमा’ याच्या खाली एक ओळ घालावी: या माणसाच्या नावाने चालणारे डॅशबोर्ड आणि सोमवारचे ई-मेल कोणते, आणि त्याच हुद्द्यावरच्या कोणाच्या नावावर ते करायचे.